मुंबईच्या कौन्सिलातले बाबासाहेब

मंडणगड तालुक्यात राजकारणी माणसाला जोखायची एक रूढ रीत आहे. त्याने काय आणलं, हा पहिला प्रश्न आणि बहुधा शेवटचाही. रस्ता आणला का, साकव आणला का, नळपाण्याची योजना मंजूर करून आणली का, एसटीची फेरी वाढवली का. तालुका लहान आणि डोंगराळ. उत्तरेला सावित्रीची खाडी, पश्चिमेला समुद्र, आणि घरटी एक तरी माणूस मुंबईत. अशा मुलखात हा प्रश्न गैर म्हणता येत नाही. खाडीपलीकडच्या आंबेतचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले १९८० साली राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांचा हिशेबही दोन्ही काठांवर याच वहीत मांडला जातो.

या वहीत बाबासाहेब आंबेडकरांच्या नावापुढे काहीच भरता येणार नाही. ते मंडणगडातून कधी उभे राहिले नाहीत. इथे त्यांनी ना पूल बांधला ना धक्का. आंबडवे हे त्यांच्या घराण्याचं मूळ गाव, पण जन्म महूचा, बालपण दापोली आणि साताऱ्याचं, कर्तेपण परळचं. आज आंबडव्याला स्मारक आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती रामनाथ कोविंद तिथे येऊन गेले. २०२५ साली मंडणगडच्या न्यायालयाला नवी इमारत मिळाली, तिच्या उद्घाटनाला सरन्यायाधीश भूषण गवई आले आणि साहजिकच आंबडव्याची आठवण निघाली. असे पाहुणे येतात तेव्हा भाषणं होतात ती घटनेच्या शिल्पकाराची. तेही योग्यच. पण महाडचा सत्याग्रह आणि घटना समिती यांच्या मधे जवळजवळ वीस वर्षं आहेत, आणि त्यांतली बारा वर्षं हा माणूस मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात बसत होता. आजच्या बोलीत सांगायचं तर आमदार होता. मंडणगड, दापोली, खेड या भागातल्या माणसांच्या जमिनीचा प्रश्न त्याने उभा केला तो याच काळात आणि याच बाकावरून. पुढच्या पानांत जी भाषणं आणि विधेयकं मराठीत दिली आहेत ती या बारा वर्षांतली.

ही भाषणं दडलेली नव्हती. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९८२ साली काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात ती आहेत. तरी ती फारशी वाचली गेली नाहीत. ‘जातिसंहार’ वाचणाऱ्या दहाजणांत एकाने तरी छोट्या जमीनधारणेच्या विधेयकावरचं भाषण वाचलं असेल की नाही, शंका आहे. कारण उघड आहे. कायदेमंडळातलं भाषण वाचायचं तर समोर कोणतं विधेयक होतं, महसूलमंत्री काय म्हणाले, कुठल्या कलमावर गाडी अडली, हे ठाऊक असावं लागतं. ते सांगणं हे प्रस्तावनेचं काम, आणि त्यातलं जमेल तेवढं इथे करतो.

सुरुवात खोतीपासून करावी लागते. रत्नागिरी जिल्ह्याच्या मोठ्या भागात सरकार आणि कसणारा यांच्या मधे खोत बसलेला होता. गावाचा सारा सरकारात भरण्याची हमी तो कबुलायत लिहून देई, आणि कुळांकडून स्वतःचा वसूल करी. तो वसूल सरकारी साऱ्याइतका नसे. भाताच्या जमिनीवर अर्धं पीक घ्यायचं ते अर्धेल, नाचणी-वरीच्या वरकस जमिनीवर तिसरा हिस्सा घ्यायचा ते तिर्धेल. पीक उभं असतानाच शेतावर जाऊन ते किती होईल याचा अंदाज ठरवायचा, ती अभावणी. अंदाज करणारी माणसं कुणाची, हे सांगायला नको. त्यावर वेठ होती. खोताच्या शेतावर नांगर धरायचा, घर शाकारायचं, लाकडं वाहायची. खोत बहुसंख्य चित्पावन असले तरी सगळेच नव्हते. मराठा खोत होते, बाणकोटच्या खाडीकाठी मुसलमान खोतही होते. खालच्या बाजूला मात्र कुणबी, महार, भंडारी, आगरी हीच माणसं. १८८० च्या खोती कायद्याने या व्यवस्थेला शिस्त लावली असं सरकार म्हणे. व्यवहारात त्या कायद्याने खोताच्या हक्काला पक्की चौकट मिळाली.

आता एक योगायोग. त्या काळी मंडणगड हा स्वतंत्र तालुका नव्हता, दापोलीचा पेटा होता. त्याच दापोलीत चिखलगाव आहे, टिळकांचं. टिळकांचं घराणं तिथल्या खोतांपैकी. १८९९ साली सरकारने खोती कायद्याच्या दुरुस्तीचा घाट घातला तेव्हा ‘केसरी’ खोतांच्या बाजूने उभा राहिला. टिळक स्वतः १८९५ ते १८९७ या काळात मुंबईच्या कौन्सिलात होते. म्हणजे एकाच महसुली तालुक्याच्या दोन गावांशी नाळ असलेली दोन माणसं, काही दशकांच्या अंतराने, मुंबईच्या एकाच कायदेमंडळात गेली आणि खोतीच्या प्रश्नावर समोरासमोरच्या बाजूंना उभी राहिली. याचा अर्थ टिळकांच्या राष्ट्रीयत्वाला कमीपणा आणायचा असा कुणी लावू नये. पण ते खोताच्या घरातून बोलत होते, हेही झाकायचं कारण नाही.

आंबेडकरांच्या आधी अस्पृश्यांच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं असंही नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त होऊन दापोलीला राहिले, ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं, आणि १८९५ साली महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा सवर्ण सभासदांचा पारा चढला होता. पुढे माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर ज्ञानदेव घोलप हे अस्पृश्यांचे पहिले प्रतिनिधी म्हणून मुंबई कौन्सिलात नेमले गेले. १९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळं खुलं केलं, ते कागदावर. पुढचं सर्वांना माहीत आहे. फारसं सांगितलं जात नाही ते इतकंच की महाडचा सत्याग्रह ज्या ठरावाच्या अंमलबजावणीसाठी झाला तो ठराव कायदेमंडळातला होता, आणि सत्याग्रहाचा पुढारी महिनाभरापूर्वीच त्याच कायदेमंडळाचा सभासद झाला होता.

१९२७ च्या फेब्रुवारीत आंबेडकरांनी कौन्सिलात शपथ घेतली. सरकारनियुक्त सभासद, सोबत डॉ. पी. जी. सोळंकी. वय पस्तीस. नियुक्त सभासदाने सरकारची री ओढावी अशी तेव्हाची अपेक्षा. त्यांचं पहिलं भाषण अर्थसंकल्पावरचं आहे, आणि त्यातच ही अपेक्षा मोडलेली दिसते. मुद्दा साधा: व्यापाऱ्याला ठरावीक उत्पन्नापर्यंत प्राप्तिकर माफ, मग शेतकऱ्याला एका गुंठ्याचाही सारा का? त्यानंतर थोड्याच दिवसांनी शिक्षणाच्या तरतुदीवर बोलताना ते म्हणतात की सरकार अबकारीतून माणशी जितके पैसे काढतं तितके तरी माणशी शिक्षणावर खर्च करावेत. तेव्हा शिक्षणावर माणशी रुपयादेखील खर्च होत नव्हता. आवाज चढलेला नाही, विशेषणं नाहीत. आकडा ठेवायचा आणि बाजूला सरकायचं. कोलंबिया आणि लंडनच्या अर्थशास्त्राने त्यांना दिलेली ही सवय.

त्याच वर्षी छोट्या जमीनधारणेचं विधेयक आलं. तुकडे पडलेल्या जमिनी एकत्र कराव्यात, म्हणजे शेती सुधारेल, असा सरकारचा विचार. आंबेडकरांनी विरोध केला. जमीन लहान आहे की मोठी हे तिच्या आकारावरून ठरत नाही, तिच्यावर किती भांडवल आणि किती माणसं राबतात यावरून ठरतं, असं ते १९१८ सालच्या आपल्या निबंधात म्हणाले होते. तेच इथे कलमांच्या भाषेत आलं. कोकणातल्या वाचकाने हे भाषण सावकाश वाचावं. ज्या मुलखात भावकीच्या सामाईक जमिनीत एकेकाच्या वाट्याला आणे-पै येतात, तिथे हा प्रश्न शंभर वर्षांनीही जुना झालेला नाही.

१९२८ च्या मार्चमध्ये त्यांनी महार वतनाचं विधेयक आणलं. १८७४ च्या वतन कायद्याखाली महार हा सरकारचा चोवीस तासांचा नोकर. मोबदला तुटपुंजा आणि तोही गावकऱ्यांच्या मर्जीवर. वतनदाराला हवं तर या चाकरीतून मोकळं होता यावं आणि जमीन मात्र राहावी, ही त्या विधेयकातली खटपट. ते समितीकडे गेलं, तिथे त्याचा कणा काढला गेला, आणि अखेर मांडणाऱ्यानेच ते मागे घेतलं. वतनाचा काच घाटावर जास्त, म्हणून इथे त्यावर थांबत नाही. त्याच वर्षी गिरणीकामगार बायांना बाळंतपणाच्या रजेत भत्ता देण्याच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. तो कायदा १९२९ साली झाला. १९३२ च्या ग्रामपंचायत विधेयकावरचं भाषण मात्र चुकवू नये. खेड्याविषयी पुढे घटना समितीत त्यांनी जे कडवट उद्गार काढले त्यांचं बी तिथे आहे.

मधली काही वर्षं गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांनी घेतली. त्या काळात कोकणातली हवा तापत होती. १९२९ च्या एप्रिलमध्ये चिपळूणच्या परिषदेत आंबेडकर खोतीविरुद्ध बोलले. अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ पासून जमीन कसायचीच बंद केली. नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली तो संप सहा वर्षं चालला. जातीच्या मागण्या आणि कुळांच्या मागण्या एका ठिकाणी येऊ शकतात, हे कोकणात दिसू लागलं होतं. १९३६ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला तो या पार्श्वभूमीवर. नावात जात नाही, धर्म नाही. पक्षाच्या पुढच्या फळीत अनंतराव चित्रे आणि शामराव परुळेकर होते. दोघेही जन्माने स्पृश्य, आणि खोतीच्या लढ्यात दोघेही पायाला भिंगरी लावून फिरले.

१९३७ च्या फेब्रुवारीत निवडणूक झाली. आंबेडकर मुंबई शहरातल्या भायखळा-परळ भागातून राखीव जागेवर उभे होते, समोर काँग्रेसचे पळवणकर बाळू. नामांकित क्रिकेटपटू, स्वतः अस्पृश्य समाजातले, आणि एके काळी आंबेडकरांना ज्यांचा अभिमान वाटे असे. आंबेडकर सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. हा मतदारसंघ मुंबईचा असला तरी एका अर्थाने तो कोकणचाच होता. बाणकोट, हर्णै, दाभोळ या बंदरांतून आगबोटीने मुंबईला गेलेली माणसं तिथल्या चाळींत राहत होती. आंबेडकरांचं स्वतःचं बिऱ्हाड परळच्या पोयबावडीला बी. आय. टी. चाळीत वर्षानुवर्षं होतं, कचेरी दामोदर हॉलमध्ये. तेव्हा मंडणगडचा आमदार नसलेला हा माणूस मंडणगडच्या चाकरमान्याचा मात्र होता. मतदानाचा हक्क तेव्हा सर्वांना नव्हता; गावातल्या कितीतरी कुळांना तो नव्हताच.

मजूर पक्षाचे चौदाजण निवडून आले. काही महिने कूपर मंत्रिमंडळ चाललं, मग जुलैत काँग्रेसचं आलं. मुख्यमंत्री, तेव्हाच्या शब्दात पंतप्रधान, बाळासाहेब गंगाधर खेर. हे खेर जन्माने रत्नागिरीचे. महसूल खातं मोरारजी देसाईंकडे. मंत्र्यांनी पाचशे रुपये पगार घ्यायचा असं काँग्रेसने ठरवलं होतं, आणि साधेपणाचा मोठा गाजावाजा झाला होता. आंबेडकरांनी त्यावर टीका केली. मंत्र्याचा पगार ठरवताना कर्तबगारी, राहणीमान आणि कारभाराची स्वच्छता यांचा विचार हवा, नुसतं त्यागाचं प्रदर्शन नको, असं त्यांचं म्हणणं. टाळ्या मिळण्यासारखं हे भाषण नव्हे. विरोधी बाकावर बसून मंत्र्यांना जास्त पगार द्या म्हणणारा दुसरा सभासद माझ्या तरी वाचनात नाही. आताची मंडळी स्वतःच्या वेतनवाढीचं विधेयक चर्चेविना मंजूर करतात, तेव्हा पक्षभेद आठवत नाहीत, ते वेगळं.

१७ सप्टेंबर १९३७. पावसाळी अधिवेशन, रिवाजाप्रमाणे पुण्याला. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. ते वाचताना पहिल्यांदा जाणवतो तो त्याचा संयम. खोतांच्या नावाने शिमगा नाही. मध्यस्थ काढा, कसणारा आणि सरकार यांचा थेट संबंध जोडा, कुळाला १८७९ च्या जमीन महसूल कायद्यातल्या कब्जेदाराचा दर्जा द्या, आणि खोताला वाजवी भरपाई द्या. भरपाईचं कलम वाचून आजच्या काही वाचकांना आश्चर्य वाटेल. सभेत बोलणारे आंबेडकर आणि कलम लिहिणारे आंबेडकर यांच्यातला फरक तिथे दिसतो. मालमत्तेचा हक्क काढून घ्यायचा तर तो न्यायालयात टिकला पाहिजे, हे बॅरिस्टरला ठाऊक होतं. पुढे घटनेच्या मसुद्यावर काम करताना मालमत्तेच्या कलमापाशी त्यांना हीच तारेवरची कसरत करावी लागली.

या विधेयकात एक उणीव आहे, ती सांगितली पाहिजे. लाभ होणार होता तो कुळाला. ज्याच्या ताब्यात जमीनच नाही, जो नुसता मजुरीवर जगतो, त्याच्या हाती यातून काही पडत नव्हतं. आणि कोकणातल्या महार वाड्यांत अशी घरं थोडी नव्हती. म्हणजे आंबेडकरांच्या या सर्वांत मोठ्या विधेयकाचा थेट फायदा त्यांच्या स्वतःच्या समाजापेक्षा कुणब्यांना अधिक झाला असता. ‘अस्पृश्यांचे पुढारी’ ही पाटी त्यांच्यावर कायमची लावणाऱ्यांनी, त्यांत त्यांचे भक्तही आले, या गोष्टीचा विचार केलेला नाही. उणीव त्यांच्या लक्षात होतीच. पुढच्या मोर्चाच्या मागण्यांत शेतमजुराच्या किमान वेतनाचीही मागणी होती.

तो मोर्चा १२ जानेवारी १९३८ चा. रत्नागिरी, कुलाबा, ठाणे, सातारा, नाशिक या जिल्ह्यांतले सुमारे वीस हजार शेतकरी मुंबईत जमले आणि कौन्सिल हॉलकडे निघाले. कौन्सिल हॉल तेव्हा अपोलो बंदराजवळ, आज जिथे राज्याच्या पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे त्या इमारतीत. आंबेडकर, परुळेकर, चित्रे आणि गुजरातचे इंदुलाल याज्ञिक यांच्या शिष्टमंडळाने खेरांची भेट घेतली, मागण्या दिल्या, आश्वासनं घेतली. सभासद आत, आणि ज्यांच्यासाठी बोलायचं ती माणसं बाहेर रस्त्यावर, आणि दोन्हीकडे पुढारी एकच. याला आता आपण सरावलो आहोत. तेव्हा ही रीत नवी होती, आणि कम्युनिस्ट, मजूर पक्ष, किसान सभा अशा निरनिराळ्या झेंड्यांची माणसं त्या दिवशी एकत्र चालली होती. ही एकी फार टिकली नाही. त्याच नोव्हेंबरात औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, तो तिचा दुसरा आणि जवळजवळ शेवटचा मोठा प्रसंग. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव, ही त्या विधेयकावरच्या भाषणातली मांडणी संग्रहातल्या उत्तम उताऱ्यांपैकी आहे. पक्षाचे सभासद प्र. ज. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला तोही याच महिन्यात, आणि तो फेटाळला गेला.

खोतीचं विधेयक मंजूर झालं नाही. १९३९ च्या ऑक्टोबरात महायुद्धावरून काँग्रेसने मंत्रिमंडळं सोडण्याचं ठरवलं, नोव्हेंबरात खेर गेले, गव्हर्नरची राजवट आली. आंबेडकर १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री म्हणून गेले. मजूर पक्षाच्या जागी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आलं, आणि कुणबी-महारांना एका पंगतीत बसवण्याचा कोकणातला प्रयोग तिथेच थांबला. मला विचाराल तर त्यांच्या राजकारणातलं सर्वांत मोठं नुकसान ते. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत फेडरेशनचा मुंबईत धुव्वा उडाला. घटना समितीत जायला आंबेडकरांना मुंबईचं कायदेमंडळ उपयोगी पडलं नाही, बंगालमधून जावं लागलं.

खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. अंमल १९५० पासून. मुख्यमंत्री पुन्हा खेर, आणि मोरारजी मंत्रिमंडळात. खोती खासगी जमीन खोताकडे राहिली, खोती निसबत जमिनीतली कायम कुळं ठरावीक रक्कम भरून कब्जेदार झाली. कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्याने गेली. म्हणजे आंबेडकरांनी मुंबईत मांडलेल्या मोठ्या विधेयकांपैकी त्यांच्या हातून एकही मंजूर झालं नाही, आणि त्यांतली दोन मुख्य ज्यांनी अडवली वा लांबवली त्यांनीच किंवा त्यांच्या वारसांनी ती बारा ते तीस वर्षांनी कायद्यात आणली. याचं श्रेय कुणाला, हा वाद घालण्यात अर्थ नाही. मात्र चरित्रकारांनी ही बारा वर्षं घाईने उरकली, हे म्हणावंच लागतं. धनंजय कीर स्वतः रत्नागिरीचे. खोतीच्या विधेयकाला त्यांनी जागा दिली आहे, पण त्यांची नजर पुढच्या मोठ्या घटनांकडे लागलेली.

संग्रहाच्या वापराविषयी थोडं. भाषणं कालक्रमाने लावली आहेत, पण त्याच क्रमाने वाचायला हवीत असं नाही. कायद्याची सवय नसलेल्याने १९२७ च्या अर्थसंकल्पावरच्या भाषणापासून सुरुवात करावी. ते सोपं आहे आणि लहान आहे. पुणे कराराच्या काळातली भाषणं सायमन आयोगापुढच्या निवेदनाशी ताडून वाचावीत, नाहीतर मतं बदलल्यासारखी वाटतील. खोतीचं विधेयक मूळ कलमांसकट दिलं आहे. मंडणगड, दापोली, खेडच्या वाचकाने ते वाचताना आपल्या घरचा सातबारा आणि जुने फेरफार शेजारी ठेवावेत. १९५० च्या सुमाराच्या नोंदींत ‘खोती’ हा शेरा ज्याला सापडेल, त्याने त्यावर नाव कुणाचं आहे आणि कुळाच्या रकान्यात कोण आहे, ते आधी बघावं, मग कलमांकडे वळावं.